आंबिलीत भिजलेली गंमत

परवा येळवस झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळं गाव रानात. ज्वारी गळ्याएवढी झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात. ज्वारीच्या ताटांची खोपटासारखी कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांना पुजायचं, अन् मग वाटेनं जो जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. ओळख असो नसो. हिरव्या दाण्यांची अन् भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. ताकातली, ज्वारीच्या पिठाची, वरून लसूण ठेचून घातलेली.

नांदेडात राहायला येऊन मला चाळीस वर्षं झाली. आमच्या गल्लीत येळवस कोणी करीत नाही. तरी मार्गशीर्ष लागला की माझ्या नाकाला तो आंबट, लसणी वास आपोआप यायला लागतो. अन् त्या वासात पेट्रोलचा वास मिसळलेला असतो. हसू नका. खरंच असतो.

त्याचं कारण आमच्या अंगणात उभं आहे. पत्र्याच्या शेडखाली, जुन्या चादरीत गुंडाळून.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. विष्णुपुरी धरणाच्या पाण्याच्या पाळ्या सोडायच्या, दारं उघडायची, दारं लावायची, सायकलीवर बसून कालव्याच्या भरावानं मैलोगणती हिंडायचं. तरुणपणी त्यांच्यावर एक साहेब होते. ते फटफटीवर यायचे. आवाज आधी यायचा, साहेब मागून. आवाज आला की कालव्यावरचे सगळे लोक बिड्या विझवून उभे राहायचे. तो आवाज ह्यांच्या डोक्यात राहून गेला. पुढं नोकरी संपायच्या वर्षी अगदी तशीच गाडी नवी म्हणून दुकानात आली. यंत्र आजचं, रूप मात्र त्या साहेबाच्या काळातलं. हे एका दुपारी मला दाखवायला घेऊन गेले. काळी कुळकुळीत. गोल दिवा, त्याच्यावर पापणीसारखी चकचकीत पट्टी. टाकी पोटुशी, तिच्यावर बारीक सोनेरी रेघ. बसायला दोन सुट्या गाद्या, पुढची त्यांची, मागची माझी.

मी म्हणलं, "अहो, नवंच घ्यायचं तर नव्यासारखं तरी घ्या. जुनं दिसणारं घरात मी हाय की."

हे म्हणले, "तू नवी होतीस तेव्हा पण अशीच होतीस. गोल."

दुकानातला पोरगा तोंड फिरवून हसला. गाडी घेतली. तिचं नाव त्यांनी सायेब ठेवलं. "सायेबाला पुसून येतो", "सायेबाला तेल पाजायचंय", "सायेबाची तब्येत आज बरी न्हाई". माझी किती सुती लुगडी त्या सायेबाला पुसण्यात गेली त्याची गणती नाही. दसऱ्याला पहिला झेंडूचा हार सायेबाला, मग देवघराच्या चौकटीला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काकू, सवत आणली हो काकांनी." मी म्हणायची, "आणली तर आणली, तिच्या मांडीवर मलाच बसवतात."

आठ दिवसांतच तिच्या सायलेन्सरनं माझ्या उजव्या पोटरीला चटका दिला. रुपयाएवढा डाग अजून आहे. रागानं मी महिनाभर बसले नाही. तर ह्यांनी मिस्त्रीकडं जाऊन सायलेन्सरवर जाळी बसवून आणली अन् माझी बाजूच बदलली. तेव्हापासून पाय डावीकडं. पाय टेकायला रुंद पट्टी केली, धरायला आडवी दांडी. त्या मिस्त्रीनं ह्यांना विचारलं होतं, "काका, गाडी आपकी है का काकी की?" हे म्हणले, "कागदावर माझी."

आता खरी गोष्ट सांगते. आमचे हे घरात बोलत नाहीत. भांडत नाहीत, रुसत नाहीत, बोलत नाहीत. दिवसाकाठी वीस शब्द, त्यातले दहा चहाचे. मी बोलते. मी सकाळी उठल्यापासून बोलते, भिंतीशी, कढईशी, दारात आलेल्या भाजीवाल्याशी. पण गाडीवर बसलं की उलटं व्हायचं. शहर मागं पडलं, दोहो बाजूला रान लागलं की ह्यांचं बोलणं सुरू. समोर बघत, माझ्याकडं पाठ करून. बहुतेक तोंड बघावं लागत नाही म्हणून जमत असेल. निम्मं वाऱ्यावर जायचं. मी मागून ओरडायची, "काय म्हणलात? ऐकू येईना!" तर हळू करून पुन्हा सांगायचे. घरात एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर उठून जाणारा माणूस.

लोह्याच्या पुढं एकदा त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या धाकट्या बहिणीला शाळेतून काढायचं ठरलं, तेव्हा वडलांनी ह्यांना विचारलं होतं, अन् हे हो म्हणले होते. तिचं दप्तर शाळेतून घरी ह्यांनीच उचलून आणलं. ती मागून रडत येत होती. माझ्या लग्नाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. त्या नणंदेची मी तीन बाळंतपणं केलेली. मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाडी चालूच होती.

म्हणून मग मी कारणं काढायची. चला, अर्धापूरला केळी आणू. केळी तर आमच्या घराखाली गाड्यावर मिळतात. हे तेवढं म्हणायचे, "केळी?" मी म्हणायची, "तिथली ताजी असतात." चपला घालून तयार. हदगावच्या बाजूला एका ओळखीच्याच्या नातवाचं बारसं होतं, आम्हाला नीट बोलावलं सुद्धा नव्हतं. तरी गेलो. दुतर्फा कापूस फुटला होता, अन् हे सांगून राहिले होते की मरायला भीती वाटत नाही पण दवाखान्यात एकट्यानं झोपायला वाटते.

पण सगळ्यात लांबचा रस्ता येळवसीचा. माझं माहेर चाकूरच्या पलीकडं. लोहा, अहमदपूर, चाकूर, अन् मग आत. सकाळी गारठ्यात निघायचं. हे सदऱ्याच्या आत छातीशी वर्तमानपत्र घालायचे, वारा लागत नाही म्हणून. दोन तास मला त्या कागदाची करकर ऐकू यायची. करडईची शेतं, तुरीच्या शेंगांचा वास, उसाच्या ट्रॉल्या. गावाच्या शिवेवर आवाज पोचला की माझा भाऊ दत्ता कोपीतून बाहेर येऊन ओरडायचा, "दाजी आले! आक्काला सांडलं का आणलं?"

चार वर्षांपूर्वीची येळवस. मी त्याच वर्षाविषयी लिहायला बसले अन् इकडं तिकडं हिंडून राहिले. जीभ त्या दुखऱ्या दाताकडं जायला नको म्हणते.

त्या वर्षी आम्ही खूप जेवलो. दत्तानं निघताना आंबिलीचं एक मडकं माझ्या मांडीवर दिलं, तोंडाला फडकं बांधून. "नांदेडला तुला कोण देणार?" म्हणला. दिवस कलला होता. अहमदपूर मागं टाकलं. पुढं उसाची ट्रॉली गेली असेल, रस्त्यावर टिपरं पडली होती. त्यातल्या एका टिपरावरून पुढचं चाक घसरलं. आम्ही पडलो. पण कसं? भरलेलं पोतं भिंतीला टेकवावं अन् ते हळूहळू आडवं व्हावं, तसं. मला तर वाटलं गाडी थांबली अन् आपण उतरतोय. मडकं फुटलं. सगळी आंबील माझ्या डोक्यावरून खाली. केसात लसूण, कानात लसूण. हे उठले, गुडघा खरचटलेला, तळहात सोललेला. घाबरून माझ्याकडं आले अन् माझा अवतार बघून थांबले.

मी म्हणलं, "बघता काय? पांडव समजून पुजा आता."

हे हसले. रस्त्याच्या कडेला बसून हसले. मी त्यांना तसं हसताना लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं. एक ट्रॅक्टरवाला थांबला, "लागलं का आजी?" त्याला उत्तर द्यायला आम्हाला दम पुरेना. तो बिचारा पाण्याची बाटली ठेवून गेला.

मग घरी येताना, लोह्याच्या अलीकडं, हे म्हणले, "सतीशला सांगू नको बरं." सतीश आमचा मुलगा, पुण्याला असतो. "त्याला वाटंल बाप म्हातारा झाला."

मी म्हणलं, "मी कशाला सांगू?"

खरंच सांगायचं नव्हतं. पण तुम्ही माझी अडचण समजून घ्या. एवढी मोठी गंमत झालेली, अन् ती पोटात घेऊन मी चार दिवस बसलेली. स्वयंपाक करताना एकटीच हसायची. रविवारी सतीशचा फोन आला. "कशी झाली येळवस?" अन् माझं तोंड सुटलं. मी सगळं सांगितलं, टिपरू, मडकं, कानातला लसूण, पांडव. आवाज काढून काढून सांगितलं. मी चहाडी नव्हती केली हो. मी गंमत सांगितली.

सांगून झालं तेव्हा कळलं की पलीकडून कोणी हसत नाही. "बाबांना कुठं लागलं?" त्यानं विचारलं. "डोक्यावर काय होतं? हेल्मेट होतं का? अन् तू मागं मडकं घेऊन? आई, तुम्हाला काय झालं असतं म्हणजे?"

शनिवारी तो आला. रागानं नाही, काळजीनं आला, हे मला कबूल आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही आले असते. चहा प्यायला, बापाचा गुडघा बघितला, खुंटीवरची चावी काढली अन् ह्यांच्या देखत माझ्या हातात दिली. "आई, तुझ्याकडं ठेव. मागितली तरी द्यायची नाही. बाबा, आता बस्स. कुठं जायचं तर गाडी बोलवा, मी तिकडनं करून देतो."

हे म्हणले, "बरं."

तेवढंच. माझ्याकडं बघितलं नाही. मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की बाबा रे, चावी त्यांची आहे, मी ठेवणार नाही. माझ्या मुठीत चावी होती, मी ती शिवणाच्या डब्यात टाकली, अन् पोराला विचारलं, भाजी कशाची करू.

त्यांनी चावी एकदाही मागितली नाही. चार वर्षांत एकदाही. डबा कपाटावर, सगळ्यांना दिसेल असा. मागितली असती तर मी दिली असती, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्यांनी मागावी म्हणून मी वाट बघत बसले, हे कुठल्या हिशोबात बसतं? रोज सकाळी ते सायेबाला पुसायचे. रविवारी चावी न लावताच दहा-बारा वेळा किक मारायचे. यंत्रातलं तेल वर चढतं म्हणे, नाहीतर आतून धरून बसतं. नुसता खप्, खप् असा आवाज. मी आत भाकरी थापत असायची. खप्, खप्. चावी माझ्यापासून फक्त दोन हातांवर होती. पण कालव्यावर ज्याच्या हातात दार उघडायचा पान्हा असतो त्याच्याकडं शेतकरी बघतात, तसं ह्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नाही.

अन् गाडी थांबली तशी ती पाठ गेली. आमच्या घरात वीस शब्द राहिले. मग पंधरा.

केळी मी अजून घेते, घराखालच्या गाड्यावरून.

गेल्या वर्षी मागच्या गल्लीतले एक गृहस्थ आले होते, गाडी देता का विचारायला. म्हणाले, पुढं पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करून आणावी लागेल, उगाच डोक्याला ताप. हे म्हणले, "यांना विचारा," अन् बोट माझ्याकडं. त्यात टोमणा नव्हता. तेच मला लागलं. टोमणा असता तर मी चार शब्द सुनावले असते, त्यांनी दोन सुनावले असते, अन् काहीतरी मोकळं झालं असतं.

यंदा येळवसीला बोलावलेल्या मोटारीनं गेलो. काचा बंद. तुरीचा वास आला नाही. ड्रायव्हरनं गाणी लावली होती. दत्ता कोपीपाशी उभा होता, पण आवाज कसला येणार? आम्ही त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहिलो तेव्हा त्याला कळलं. "दाजी, यंदा पण सायेब न्हाई?" त्यानं विचारलं.

हे म्हणले, "सायेब रिटायर झाला."

सगळे हसले. जेवताना बघितलं, तर हे भज्जीच्या डाव्या बाजूची आंबिलीची वाटी सोडून बसले होते. मी म्हणलं, "आंबील घेईना झालात?" तर चाचपडल्यासारखा हात नेऊन वाटी उचलली. मला वाटलं, लक्ष नाही. मन नाही.

रात्री घरी आल्यावर मला झोप लागली नाही. सकाळी उठले, डबा काढला. सुयांच्या पुडीखाली चावी होती, तिला जराही गंज नव्हता. हे अंगणात सायेबाची चादर काढत होते. एका हातात दुधाचं पातेलं तसंच धरून मी जाऊन चावी त्यांच्या हातात दिली. तोंडानं म्हणलं, "चुकलं माझं. चार वर्षं उशीर झाला. सतीशला काय सांगायचं ते मी बघते. चला, कुठंही चला. बॅटरी उतरली असंल तर मिस्त्रीला बोलावू."

त्यांनी चावी बघितली. मग गाडीवर बसले. स्टँडवरच. दोन्ही हात मुठींवर ठेवले. समोर आमची भिंत.

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला," ते भिंतीकडं बघत म्हणले. "दीड वर्ष झालं. आधी कडंनं गेलं, आता सगळंच. धुकं हाय नुसतं."

हातातलं दुधाचं पातेलं कुठं ठेवावं कळेना. दाराला आपटणारा डावा खांदा, बशीत सांडणारा चहा, ती वाटी. सगळं माझ्या समोर घडलेलं. "दीड वर्ष! अन् मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर पुण्याला कळलं असतं," हे म्हणले. "अन् त्यानं येऊन माझे डोळे काढले असते, तुझ्या डब्यात ठेवायला."

हे त्यांनी हसत म्हणलं, खरं सांगते. गंमत म्हणून. मी हसले नाही. तेव्हा मला कळलं, चार वर्षांपूर्वी फोनच्या पलीकडं काय झालं असेल.

दीड वर्षांत दवाखान्यात गेलो असतो तर डोळा राहिला असता का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारायची हिंमत होईल का, तेही ठाऊक नाही. ओळखीच्या एकीचं असंच कडेकडेनं गेलं होतं, तिला काचबिंदू म्हणले होते, गेलेलं परत येत नाही पण राहिलेलं राखता येतं. म्हणून दुपारभर त्यांच्या मागं लागले. रडले सुद्धा. शेवटी कबूल झाले, सोमवारी डोळ्याच्या दवाखान्यात जायचं, दोघांनी, रिक्षानं. उजवा तरी राखायचा. एकच अट घातली. सतीशला आत्ता नाही. काय निघतं ते बघून ते स्वतः सांगतील.

मी हे लिहायला बसले तेव्हाही त्यांना विचारलं. म्हणलं, सगळं लिहिते, डोळ्याचं सुद्धा. म्हणले, "लिही. तुझा सतीश मराठी वाचतो कुठं?"

चावी दिली त्याच दिवशी संध्याकाळी सतीशचा फोन आला होता. हे माझ्या समोर पलंगावर बसले होते. वर्तमानपत्र उजव्या अंगाला सरकवून, मान जरा तिरपी करून वाचत होते. दीड वर्ष असंच वाचत असणार. सतीशनं विचारलं, कशी झाली येळवस, मामा कसा आहे, मोटार वेळेवर आली का. मी सांगितलं, सगळं छान झालं, आंबील यंदा जास्त आंबट होती, मामाची गाय व्याली. "अन् बाबा?" त्यानं विचारलं.

"बरे हैत," मी म्हणलं.

जन्मभर मी एकेका गोष्टीला तिखटमीठ लावून लांबवत आले. हे दोन शब्द बोलायला मला जेवढा दम लागला तेवढा कधी लागला नाही. फोन ठेवला. गल्लीत कोणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज येत होता. हे पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघत होते. खोली एवढीशी. त्यांचे कान अजून चांगले आहेत, माझा प्रत्येक शब्द त्यांनी ऐकला होता.

तरी त्यांनी विचारलं, "सांगितलं न्हाईस ना?"